वाचकांचे प्रश्न: पेशंटला हात लावायच्या आधी

मागच्या अंकात जीडीएच्या कोर्सबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या. जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, हॉस्पिटलात किंवा घरी पेशंटचं उठणं-बसणं, आंघोळ, खाणं-पिणं, कपडे, शी-शू सगळं सांभाळणारी माणसं, आपण ज्यांना इतकी वर्षं मावशी नि मामा म्हणत आलो त्यांचंच काम पण शिकून केलेलं. त्यावर इतके मेसेज आले की या महिन्यात दुसरं काही लिहायचं मनातच आलं नाही. मी नागपुरातच २८ वर्षं वॉर्डात सिस्टर होते, तर जे स्वतःच्या हातानं केलंय तेच सांगते. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमलं नाही, सारख्या प्रश्नांतला एकेक घेतला आहे.

*प्रश्न: ताई, मी २६ वर्षांची आहे. दहावी झाली, बारावी लग्नामुळे अर्धवट सुटली. मिस्टर एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहेत, मुलगा आता शाळेत जाऊन राहिला म्हणून मला काहीतरी करायचं आहे. बर्डीवर एका क्लासमधे सांगितलं की सहा महिन्यांत नर्सिंगचा कोर्स, शंभर टक्के नोकरी, फी ४५ हजार. सोन्याची पोत गहाण ठेवून भरू का? — हिंगणा रोडवरची एक वाचक*

बाई गं, पोत गळ्यातच राहू दे, आधी हे वाच.

सहा महिन्यांत कोणीच नर्स होत नाही. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, या तिन्हींना बारावी लागते आणि कोर्स पूर्ण झाला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमधे नाव नोंदवावं लागतं, तेव्हा कुठं ती बाई नर्स म्हणून काम करू शकते. त्यामुळे बोर्डावर 'नर्सिंग' लिहिलेलं आणि आत विचारलं की "तसंच असते मॅडम, काम तर तेच करायचं आहे" असं बोलणारे असतील तर तिथून उठून ये. काम तेच नसतं. नोकरी मागायला जाशील तेव्हा पहिल्याच दिवशी कळेल, पण तोवर पैसे गेलेले असतील.

तुला आत्ता दहावीवर करता येईल तो जीडीएच. त्याचा अभ्यासक्रम हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलनं ठरवलेला आहे, एनएसक्यूएफ म्हणजे देशभरच्या कौशल्य-कोर्सांच्या पायऱ्यांत त्याची लेव्हल ४ असते, शेवटी बाहेरचा परीक्षक येऊन परीक्षा घेतो. घरी जाऊन पेशंट सांभाळायचा असेल तर होम हेल्थ एडचा असाच वेगळा कोर्स आहे. २०१५ पासून पंतप्रधान कौशल्य विकास योजना चालू आहे, तिच्यात हे कोर्स असतात आणि त्या बॅचला शिकणाऱ्याकडून फी घेत नाहीत, तर ४५ हजार भरायच्या आधी आपल्या जिल्ह्यात अशी बॅच कुठं चालू आहे ते जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात जाऊन विचार.

आता माझं खरं म्हणणं. सर्टिफिकेटवर कोणता शिक्का आहे हे बघच, पण त्याच्याहीपेक्षा क्लासमधे खाट आहे का ते बघ. हसू नको. माझ्या वॉर्डात एकदा एक पोट्टी आली होती, वीसेक वर्षांची, सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं, अगदी उत्साहानं आलेली, आणि मी तिला एका आजींना कुशीवर वळवायला सांगितलं तर तिनं त्यांना बगलेत हात घालून ओढलं. आजी किंचाळल्या. खांदा नशिबानं निखळला नाही, पण त्या दिवसानंतर आजींनी तिला जवळ येऊ दिलं नाही आणि पोरगी जिन्यात बसून रडली. मी विचारलं, तुला शिकवलं कसं होतं गं, तर म्हणाली मॅडम व्हिडिओ दाखवला होता. कोणत्या क्लासची ते सांगत नाही, पण पैसे पूर्ण घेतले होते त्यांनी. त्या पोरीची काय चूक, तिनं शिकताना खाटेला हातच लावला नव्हता. मग मी तिला ड्रॉशीट कशी घालायची ते दाखवलं, म्हणजे पेशंटच्या खांद्यापासून मांडीपर्यंत दुहेरी चादर टाकायची, दोघींनी दोन बाजूंनी गुंडाळून धरायची आणि एक दोन तीन म्हणून एकदम सरकवायचं, माणसाला नाही ओढायचं, चादरीला ओढायचं. पंधरा दिवसांत तिचा हात बसला. पुढे ती चांगली निघाली, पण ते पंधरा दिवस पेशंटच्या अंगावर गेले, ते तिच्या क्लासमधे जायला हवे होते.

म्हणून तू क्लासमधे जाऊन नुसतं ऑफिसात बसू नको, आतली खोली दाखवा म्हण. वर-खाली होणारी खाट आहे का, पुतळा आहे का, व्हीलचेअर, बेडपॅन, बीपीचं मशीन मुलींच्या हातात देतात का कपाटात ठेवतात. शिकवणारी स्वतः नर्स आहे का. कोणत्या हॉस्पिटलशी टायअप आहे आणि वॉर्डात किती दिवस पाठवतात, तिथं त्यांच्यासोबत कोणी शिकवणारी जाते का नुसतं सोडून देतात. मागच्या बॅचच्या दोघी-तिघींचे नंबर माग आणि त्यांना फोन करून एवढंच विचार की पहिल्यांदा खऱ्या पेशंटला आंघोळ कधी घातली. जी पटकन सांगेल तिचा क्लास बरा.

आणि एक, १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून दे. जीडीएचं काम करता करता होते. माझ्यासोबत एक मावशी होत्या, त्यांनी चाळिशीत दिली होती. तुझी बारावी झाली तर जीएनएमचं दार उघडं राहील, आणि वॉर्ड पाहिलेली मुलगी जीएनएमला गेली की तिला शिकवायला आम्हाला फार बरं वाटतं.

*प्रश्न: सिस्टर, माझी जीडीएची ट्रेनिंग चालू होऊन तीन आठवडे झाले. मागच्या सोमवारी पहिल्यांदा एका बाबांची संडासची जागा साफ करावी लागली, मी बाहेर जाऊन उलटी केली. घरी सासूबाईंना कुठून तरी कळलं, त्या म्हणतात लोकांची घाण काढायला कशाला पाठवू, आपल्या घरात असं कोणी केलं नाही. मलाच वाटून राहिलं की मला जमणार नाही. — मानेवाडा*

मला पण झाली होती उलटी. ट्रेनिंगच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि आमच्या बॅचमधल्या बहुतेक मुलींना झाली होती, काही सांगत नव्हत्या एवढंच. किळस येणं म्हणजे तू वाईट आहेस असं काही नाही, शरीर आहे ते, त्याला सवय नाही. तोंडानं हळूहळू श्वास घ्यायचा, मास्क लावायचा, आणि सगळं सामान आधीच हाताशी आणून ठेवायचं, कोमट पाणी, वाईप किंवा मऊ कापड, नवं डायपर, पिशवी, क्रीम, कारण अर्ध्यात उठून काही आणायला गेलीस की वास तेवढाच वाढतो आणि पेशंट तेवढा वेळ उघडा राहतो. बाईपेशंट असेल तर पुढून मागे पुसायचं, उलटं कधीच नाही, लघवीच्या जागेत इन्फेक्शन जातं. कातडीच्या घड्या, सांधे कोरडे करायचे. आणि हे सगळं चालू असताना त्या बाबांच्या तोंडाकडे एकदा बघ. त्यांनी डोळे मिटून घेतले असतील किंवा भिंतीकडे मान वळवली असेल. शाळामास्तर असतील, ट्रक चालवला असेल, अख्खं घर पोसलं असेल, आणि आज सुनेच्या वयाची मुलगी त्यांचं ढुंगण धुवून राहिली. त्यांना किती लाज वाटत असेल. पडदा ओढ, जेवढं लागतं तेवढंच उघड, वरून चादर राहू दे आणि साधं काहीतरी बोल, बाहेर ऊन किती झालं, चहा प्याले का. मी तेव्हापासून हेच करत आले, आणि मला जमायला लागलं ते त्यामुळेच, माझं लक्ष माझ्या नाकावरून त्यांच्यावर गेलं.

दुसरं, त्या साफसफाईतच अर्धं दुखणं पकडलं जातं. माकडहाडावर, टाचेवर, कमरेच्या हाडावर लालसर डाग दिसला आणि बोटानं दाबून पण पांढरा पडला नाही तर ते बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, चालू झालंय, लगेच सिस्टरला सांगायचं. तिथं मालिश करायची नाही, खूप जणी करतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि वळवताना पूर्ण आडवं कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून थोडंसं तिरकं. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर जास्तच जपायचं, ४५ डिग्रीत कूलर लावला तरी पाठीखाली घाम साचतो, आणि खाली रेक्झिन असेल तर चादर ओलीची ओली राहते. लघवी काळपट पिवळी झाली, कमी झाली, तर तेही तूच पहिल्यांदा बघणार आहेस, डॉक्टर राऊंडला येतात ते पाच मिनिटं, तू बारा तास असतेस. किती पाणी पोटात गेलं आणि किती लघवी झाली हे मोजून आयओ चार्टवर लिहायचं, अंदाजानं नाही.

सासूबाईंचं. त्यांना कमलाताई होस्पेटांबद्दल सांग, नागपूरच्या जुन्या माणसांना नाव माहीत असतं. कमी वयात विधवा झालेली बाई, नर्सिंगचं शिकली, आणि १९२१ मधे वेणूताई नेन्यांना सोबत घेऊन इथं मातृसेवा संघ काढला, बायकांची बाळंतपणं नीट व्हावीत म्हणून. त्या काळात सुईणपणाला लोक काय काय म्हणत असतील विचार कर. १९६१ मधे त्यांना पद्मश्री मिळाली. बर्डीवर आजही मातृसेवा संघ आहे, सासूबाईंच्या ओळखीतली किती पोरं तिथं झाली असतील त्यांनाच विचार. एकदम वाद घालू नको. घरी त्यांचं बीपी मोजून दे, पाय सुजतात का बघ, नखं कापून दे, शुगर असेल तर मात्र पायाची नखं तू कापू नको, डॉक्टरांना दाखव. तुझा हात त्यांच्या अंगाला लागला की बोलणं बदलेल असं मला वाटतं. माझ्या सासूचं तसंच झालं होतं.

*प्रश्न: मी मुलगा आहे, १९ वर्षांचा, कामठीचा. मुलांनी हे काम करावं का? मित्र हसतात. एजन्सीवाले पण म्हणतात लेडीजच पाहिजे.*

करावं, आणि गरज आहे. ऑर्थोच्या वॉर्डात, लकव्याच्या पेशंटकडे, आयसीयूमधे मुलगा असिस्टंट मिळाला तर सिस्टर देवाला नारळ फोडतील. पुरुष पेशंटला कॅथेटरची म्हणजे लघवीच्या नळीची स्वच्छता, दाढी, आंघोळ मुलाकडून करून घ्यायला संकोच कमी वाटतो, घरी म्हातारा एकटा असेल तर घरचे मुलगाच मागतात. ज्या एजन्सीला लेडीजच पाहिजे तिला सोड, दुसरीला विचार.

फक्त एक, ताकद आहे म्हणून कमरेतून वाकून उचलू नको. पाय फाकवून उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, पेशंट आपल्या अंगाजवळ घ्यायचा, व्हीलचेअरचे ब्रेक लावलेत का दोनदा बघायचं. लकव्याचा पेशंट खुर्चीत घ्यायचा असेल तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला लावायची, शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. माझ्या ओळखीचे दोन ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, तिशीत कंबर घेऊन बसले, ते पण पैलवानच होते.

*प्रश्न: माझी मामेबहीण कॅलिफोर्नियात आहे. ती म्हणते तिथं सीएनए म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट असते आणि चांगलं काम मिळते. मी इथं जीडीए केलं तर तिथं चालेल का? एक एजंट म्हणतो तो सर्टिफिकेट आणि व्हिसा दोन्ही करून देतो. — नंदनवन*

एजंटला आजच नाही म्हण. सीएनएचा कोर्स केला म्हणून व्हिसा मिळत नाही. तिथं काम करायची परवानगी वेगळ्या मार्गानं मिळालेली असेल, तेव्हाच पुढचं.

आणि इथलं जीडीए तिथं थेट चालत नाही. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं ठरवलंय की नर्सिंग होममधे, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या निवासात, असिस्टंट म्हणून काम करायचं तर कमीत कमी ७५ तासांचं मान्यताप्राप्त ट्रेनिंग पाहिजे, आणि राज्यं ते वाढवू शकतात, तुझ्या बहिणीच्या कॅलिफोर्नियात ते १६० तास आहे, त्यातले १०० प्रत्यक्ष कामाचे. मग त्या राज्याची परीक्षा, एक लेखी किंवा तोंडी आणि एक करून दाखवायची. पास झाली की राज्याच्या रजिस्टरमधे नाव चढतं. सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर नुसतं जुनं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. पेशंटला मारलं, दुर्लक्ष केलं, त्याचे पैसे चोरले हे सिद्ध झालं तर तेही त्याच रजिस्टरवर लिहिलं जातं.

त्या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते, कारण मी इतकी वर्षं तेच सांगत आले. त्या ७५ तासांतले पहिले १६ तास पेशंटला हात लावायच्या आधी शिकवायचे असं त्यात लिहिलंय. त्यात काय शिकवायचं तर बोलायचं कसं, इन्फेक्शन कसं टाळायचं, आग लागली किंवा घशात घास अडकला तर काय करायचं, आणि त्या माणसाचे हक्क काय. दार वाजवून आत जाणं, आज कोणता कपडा घालायचा ते त्यालाच विचारणं, तो आज आंघोळ नको म्हणाला तर ऐकणं, जे त्याला स्वतःला करता येतं ते त्याला करू देणं. शिवाय कमीत कमी १६ तास नर्सच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष हातानं करून दाखवायचं. आणि ज्याला नर्सिंग होमनं कामावर घेतलंय त्याच्याकडून त्या ट्रेनिंगची फी घ्यायची नाही. आपल्याकडे गरीब पोरी गहाण टाकून फी भरून राहिल्या हे वाचून मला हे फार लागलं.

मग इथं जीडीए करून काय फायदा, असं म्हणशील. हात तर तयार होतील. बीपी, नाडी, कूस बदलणं, राईल्स ट्यूबच्या म्हणजे नाकातून पोटात नळी घातलेल्या पेशंटची काळजी, हे कॅलिफोर्नियात आणि मेडिकल चौकात सारखंच. फक्त कागद तिथला नव्यानं करावा लागेल, आणि इंग्रजी बोलता आली पाहिजे, तिची तयारी आत्तापासून कर.

*प्रश्न: सिस्टर, मी जीडीए करून ब्युरोमार्फत धंतोलीत एका आजोबांकडे १२ तासांची ड्युटी करते. घरचे म्हणतात इन्शुलिन तूच देत जा, आणि नाकातली नळी निघाली तर तूच परत टाक, आधीची बाई टाकायची. नाही म्हटलं तर काम जाईल. मागच्या महिन्यात त्यांच्या सुनेनं इंजेक्शन देऊन सुई टेबलावर ठेवली होती, ती उचलताना माझ्या बोटात गेली. कोणालाच सांगितलं नाही. भीती वाटून राहिली.*

आधी सुईचं, बाकी नंतर. मेडिकलला किंवा मेयोत, म्हणजे आपल्या सरकारी हॉस्पिटलांत, आयसीटीसी म्हणून खोली असते, तिथं एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त ठेवतात, याच आठवड्यात जा. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी पण कर, आणि परत कधी करायची ते डॉक्टरांना विचार. आजोबांचे जुने रिपोर्ट फाईलमधे असतील, घरच्यांना सरळ सांगून ते माग, यात लपवायसारखं तू काही केलेलं नाही. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण कळून झोप लागलेली बरी.

बाकीच्यांसाठी पण लिहिते, सुई टोचली तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, आणि त्याच तासात हॉस्पिटल गाठायचं. एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या असतात, त्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही.

आता इन्शुलिन. नाहीच द्यायचं. शिकवलं नाही म्हणून नाही, ते तुझ्या कामाच्या हद्दीतच नाही म्हणून. आजोबा कमी जेवले आणि डोस पूर्ण गेला तर शुगर इतकी खाली जाते की माणूस बेशुद्ध पडतो, आणि तेव्हा सगळे तुझ्याकडे बोट दाखवतील, आधीची बाई कुठं असेल कोणाला माहीत. घरच्या माणसानं डॉक्टरांकडून शिकून द्यावं किंवा नर्स बोलवावी. तू काय करू शकतेस तर आजोबा किती जेवले ते लिहून ठेवायचं आणि सुई टोचायच्या आधी सुनेला सांगायचं, की काकू, आज अर्धीच पोळी खाल्ली, डॉक्टरांना विचारता का. घाम फुटला, हात थरथरले, असंबद्ध बोलले तर शुगर मोजायची, कमी असेल आणि ते शुद्धीवर असून गिळता येत असेल तर साखरेचं पाणी. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

नळीचं तर अजिबात ऐकू नको. ती श्वासनळीत गेली आणि वरून दूध सोडलं तर ते फुप्फुसात जाईल. निघाली तर खाणं बंद आणि डॉक्टरांना फोन, एवढंच तुझं काम. नळीतून खाणं द्यायला तुला शिकवलं असेल तर ते दे, डोकं चांगलं वर उचलून, सावकाश, आणि नंतर अर्धा-एक तास तसंच बसतं ठेवून. त्या वेळात कूस बदलायची घाई नको.

घरच्यांशी बोलताना चिडू नको, रडूही नको. "काका, हे मला करायची परवानगी नाही, आजोबांना काही झालं तर मला सहन होणार नाही, ब्युरोशी बोलून घ्या" एवढंच म्हण, आणि त्याच दिवशी ब्युरोला व्हॉट्सअपवर लिहून कळव म्हणजे तारीख राहते. मी स्वतः ओळखीच्या चौघींना असं बोलायला लावलं आहे, तिघींचं काम टिकलं. चौथीचं गेलं, तिला आठ दिवसांत दुसरं मिळालं. काम गेलं तर मला कळव, धंतोली-रामदासपेठेत माझ्या जुन्या सिस्टर आहेत, मी विचारते.

हिपॅटायटिस बीची लस घेतली नसशील तर पहिला डोस तपासणीला जाशील त्याच दिवशी विचार, तीन असतात, पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, मधला चुकवू नको. आणि आजोबांच्या खोलीत आजच जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बाटली ठेव. ज्यानं सुई वापरली त्यानंच ती त्यात टाकायची, टोपण परत लावत बसायचं नाही, आणि बाटली पाऊण भरली की ती घरच्यांनीच दवाखान्यात नेऊन द्यायची, कचऱ्याच्या गाडीत नाही, त्या गाडीवरच्या पोरांचे पण हात उघडेच असतात.